बालाघाटावरील खवा

सणावारीं शहरांत पेढे वाटले जातात. त्यांतील खव्याचें माहेर कोठें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांतील, बालाघाटाच्या कुशींतलीं लहान खेडीं हें असें एक माहेर होय.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. जमीन हलकी, विहिरी उन्हाळ्यांत तळ दाखवितात. दूध हाच आधार. परंतु दूध नाशवंत आणि बाजार दूर. ही अडचण तेथील लोकांनीं कढईंत सोडविली. म्हशीचें सुमारें ५ लिटर दूध सतत ढवळीत आटविलें, म्हणजे १ किलो खवा उरतो. भार कमी झाला, टिकाऊपणा वाढला आणि दूरची पेठ जवळ आली. कुंथलगिरी या जैन सिद्धक्षेत्राच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या खव्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें.

तथापि मानांकनानें गव्हाण भरत नाहीं. १९७२ सारखा दुष्काळ पडला, कीं प्रथम चारा संपतो, मग जनावर बाजारास जातें. ज्या घरीं दुभतें उरत नाहीं आणि शेतहि पिकत नाहीं, तेथील माणसें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस परजिल्ह्यांत निघतात. मुलांची शाळा मध्येंच सुटते. भट्टीस रोज सरपण हवें, तेंहि माळावर विरळच.

या खेड्यांचें भवितव्य याच गोष्टींत सांठलेलें आहे. ओढ्याचें पाणी अडवून वैरण पिकली, भट्टीस लांकडाऐवजीं दुसरें इंधन मिळालें आणि दावणीची म्हैस उन्हाळ्यांत तगली, तर कुटुंब गांवीं राहतें आणि मूल वर्गांत.