मासे मोजणारी विद्यार्थिनी

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांत शाळेने काय मिळवले याचा हिशेब अहवालात दिलेला आहे. डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल, बँकांतील अधिकारी, परदेशी स्थायिक झालेले संशोधक, ही सारी नावे आपण अभिमानाने छापली आहेत आणि ती छापायलाच हवी होती. आज मला त्या यादीत न बसणाऱ्या एका कामाविषयी बोलायचे आहे. पालकसभेत ‘पुढे काय?’ हा प्रश्न दरवर्षी येतो; उत्तरादाखल या कामाचे नाव कोणी घेतल्याचे मला आठवत नाही. समुद्रातून रोज किती मासळी आली, कोणती आली आणि केवढ्या आकाराची आली, हे बंदरावर उभे राहून मोजणाऱ्या क्षेत्र-साहाय्यकाचे हे काम. आपली एक माजी विद्यार्थिनी गेले तीन हंगाम ते वेरावळला करते आहे. “बाई, कामाबद्दल बोला, माझ्या नावाबद्दल नको,” अशी तिने अट घातली आहे आणि ती मी पाळणार आहे.

वेरावळचे नाव घेताच सभागृहात हसू उमटले, त्याचे कारण मला ठाऊक आहे. सोमनाथची सहल आपल्यापैकी बहुतेकांनी केलेली आहे. वेरावळ जवळ आले की बसच्या खिडक्या भराभर बंद होत आणि रुमाल नाकाला लागत. त्या बंद खिडक्यांपलीकडे देशातल्या फार मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक बंदर होते, हे सहलीच्या निबंधात मात्र कोणी लिहिले नाही. निबंधात सूर्यास्त असे.

आता मोजणे म्हणजे काय ते सांगते. मासळी उतरवण्याची केंद्रे आपल्या किनाऱ्यावर थोडीथोडकी नाहीत. २०१०च्या सागरी मच्छीमार गणनेत देशात १,५११ केंद्रे नोंदली गेली. त्या प्रत्येक ठिकाणी रोज लागणारी प्रत्येक होडी तोलणे कोणालाच शक्य नाही. म्हणून केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने नमुना-पाहणीची एक पद्धत बसवली आहे. ही संस्था १९४७ साली स्थापन झाली, तिचे मुख्यालय आज कोचीला आहे. पद्धत ऐकायला साधी वाटेल. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांतून, चिठ्ठी उचलावी तसा, एक दिवस निवडायचा. निरीक्षणाचे पुढचे दिवस त्यावरून ठरतात. दिवस जोडीने येतात. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सायंकाळी सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा निरीक्षकाने केंद्रावर हजर राहायचे. मधल्या रात्री काय उतरले ते सकाळी विचारून घ्यायचे. पंधरापर्यंत होड्या आल्या तर सगळ्या पाहायच्या. पन्नास किंवा त्याहून अधिक आल्या तर पाचांतून एक.

या नियमांमागचा हेतू एकच आहे. दिवस आपल्या सोयीने निवडायचा नाही आणि होडीही आपल्या सोयीने निवडायची नाही. ओळखीच्या तांडेलाची, सावलीत लागलेली किंवा भरभरून आलेली होडी पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. क्रमाने पाचवी आलेली होडी उन्हात लागली असेल, तिच्यात बर्फाखाली बारीकसारीक मालच असेल, तरी पाहायची तीच.

पाचांतून एक होडी पाहिली म्हणजे त्या होडीच्या आकड्याला पुढे पाचाने गुणले जाणार. मग दोन दिवसांवरून महिना काढला जाणार, काही केंद्रांवरून सगळा विभाग. वहीत एक किलो खोटे लिहिले तर ते एक किलो राहत नाही. कार्यालयात पोहोचेपर्यंत त्याचे पाच झालेले असतात आणि वार्षिक अहवालात ते किती होऊन बसेल याचा हिशेब लिहिणाऱ्यालाही लावता येणार नाही. नववीला संख्याशास्त्राचे प्रकरण मी बावीस वर्षे शिकवले. सरासरीवरची उदाहरणे मुले पटापट सोडवतात. ज्या आकड्यांची सरासरी काढायची ते आकडे कोणी, कुठे उभे राहून आणले, हे पाठ्यपुस्तक विचारत नाही.

वजनाशिवायही बरेच लिहावे लागते. होडी किती दिवस समुद्रात होती, जाळे किती तास ओढले, किती खोल पाण्यात, कोणत्या प्रकारचे जाळे, खलाशी किती. चारशे किलो मासळी चार तासांत मिळणे वेगळे आणि तेवढ्याच मासळीसाठी दहा दिवस समुद्र धुंडाळावा लागणे वेगळे. धक्क्यावरच्या ढिगाकडे पाहून हा फरक कळत नाही. तो फक्त नोंदीत दिसतो.

त्यानंतर लांबी. ढिगातून हाताला येतील तसे मासे उचलून मोजपट्टी लावलेल्या पाटावर ठेवायचे आणि मिलिमीटरमध्ये लांबी लिहायची. ती सांगत होती, “बाई, सगळ्यांत अवघड हेच. हात आपोआप मोठ्या माशाकडे जातो. पहिल्या महिन्यात मी डोळे मिटून उचलत असे.” काही मासे चिरून अंडाशय कितपत पक्व आहे ते पाहतात, काहींच्या कानातला खड्यासारखा इवलासा भाग काढून ठेवतात, त्यावरच्या वलयांवरून वयाचा अंदाज करता येतो.

नावांचा प्रश्न तर भाषेच्या शिक्षिकेने ऐकावा असा आहे. तिच्या आजोळी, डहाणूकडे, जी वाकटी, ती वेरावळच्या खारव्यांची बगा आणि तिच्या तक्त्यात ट्रायकियुरस लेप्ट्युरस. बोंबील आणि चोर बोंबील हे नावाने भाऊ वाटले तरी तक्त्यात दोन वेगळ्या ओळींत जातात. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना एका वस्तूची तीन नावे सांभाळण्याची सवय असतेच. मराठी माध्यमामुळे मूल मागे पडेल का, असे विचारणाऱ्या पालकांना मी हल्ली हे उदाहरण देते.

आता या मोजणीवर काय अवलंबून असते ते पाहू. केरळात तारलीला मत्ती म्हणतात. गरिबांच्या ताटातला तो रोजचा मासा. २०१२ साली त्या राज्यात सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली. २०२१ साली उतरली ३,२९७ टन. शास्त्रज्ञांनी समुद्राच्या बदललेल्या तापमानाकडे, एल निनोकडे आणि पूर्ण वाढ न झालेल्या माशांच्या धरपकडीकडेही बोट दाखवले आहे. त्या कारणांच्या खोलात मी जात नाही, तो माझा विषय नव्हे. माझे म्हणणे एवढेच की ही घसरण ‘हल्ली मासे मिळत नाहीत’ अशा कुरकुरीवर न थांबता आकड्यांत मांडता आली, कारण त्या सगळ्या वर्षांत केरळच्या किनाऱ्यावर कोणीतरी वही घेऊन उभे होते. किती लांबीपेक्षा लहान मासा धरू नये याचे नियमही अशाच नोंदींतून आले आहेत. केरळने तारलीसाठी दहा सेंटिमीटर आणि बांगड्यासाठी चौदा सेंटिमीटर ही किमान मर्यादा ठरवली. मासा कितव्या सेंटिमीटरला अंड्यावर येतो हे मंत्रालयात बसून समजत नाही. त्यासाठी हजारो मासे पाटावर ठेवावे लागतात.

मोजणी चुकीच्या जागी झाली तर काय होते, याचे उदाहरण कॅनडाचे आहे. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड मासा शतकानुशतके विपुल होता. १९८०च्या दशकात त्याच्या साठ्याचे अंदाज बऱ्याच अंशी मोठ्या, खोल समुद्रातल्या जहाजांच्या नोंदींवर बेतले गेले. त्या जहाजांजवळ मासे हुडकणारी यंत्रे होती आणि उरलेला कॉड जिथे गोळा होई तिथे ती नेमकी पोहोचत. त्यामुळे त्यांची जाळी भरलेली दिसत राहिली. किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार मात्र मासा आटला, छोटा झाला, असे सांगत होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. २ जुलै १९९२ रोजी सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांच्या आसपास माणसांचे काम एका घोषणेने गेले.

चीनची गोष्ट वेगळ्या जातीची. २००१ साली रेग वॉटसन आणि डॅनियल पॉली या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की चीनकडून येणारे समुद्री उत्पादनाचे आकडे फुगवलेले होते. उत्पादन वाढलेले दिसले तर स्थानिक अधिकाऱ्याला बढती मिळे. म्हणून उत्पादन वाढलेले दिसे. त्या एका देशाच्या आकड्यांमुळे जगाची मासळी वाढते आहे असे वाटत राहिले, प्रत्यक्षात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ती घटत होती. शाळांच्या निकालांच्या टक्केवारीविषयी मी इथे काही बोलत नाही. समोर बरेच सहकारी मुख्याध्यापक बसले आहेत.

आपल्या विद्यार्थिनीवरही असा प्रसंग आला. पाचवी होडी दुपारच्या उन्हात लागली होती. व्यापाऱ्याच्या गुमास्त्याने मायेनेच म्हटले, “बेन, आंकडो हुं लखावी दउं, तमे तडकामां शीदने ऊभां रहो छो?” त्याने पन्नास क्रेट सांगितले. ती शेवटपर्यंत उभी राहिली, सदतीस उतरले. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला गोल आकडा सुचला इतकेच. तांडेलांची अडचण निराळी. हा आकडा कर-कार्यालयात जाईल, किंवा आपल्याला कुठे मासा लागला ते दुसऱ्यांना कळेल, अशी त्यांना भीती असते. एका होडीची नोंद त्या होडीच्या नावाने बाहेर जाणार नाही, हे पटवायला तिला पहिला हंगाम जवळजवळ सबंध लागला. आता तेच तांडेल तिला हाक मारून सांगतात की यंदा घोळ दिसत नाही, किंवा जाळ्यात बारीक माल फार येतो आहे. हा बारीक माल फिशमीलच्या कारखान्याकडे जातो आणि त्यात चांगल्या जातींची पिल्ले किती, हे तिच्या वहीत असते.

हे सांगितल्यावर पालक म्हणून तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तो रास्तच आहे. नोकरी पक्की आहे का? नाही. तिची नेमणूक एका प्रकल्पापुरती, हंगामापुरती आहे. प्रकल्पाचे नाव मी घेत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी लागते, ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि तिचा पगारही थांबतो. पुन्हा बोलावणे येईल की नाही हे दरवर्षी पाऊस संपता संपता कळते. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी वासाचे कपडे गॅलरीत वेगळे वाळत घालते. लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगी काय करते?’ याला तिची आई ‘संशोधन खात्यात आहे’ असे उत्तर देते. ते खोटे नाही, पण त्या उत्तरात धक्का नाही, ऊन नाही आणि मासाही नाही, याचे तिला वाईट वाटते.

मला मात्र राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. तांडेलांचा विश्वास मिळवायला एक हंगाम, जाती ओळखायला दुसरा, डोळे न मिटता हाताला येईल तो मासा उचलायला तिसरा. आणि ज्या माणसात ही तीन हंगामांची कमाई साठली, तिला चौथ्या हंगामाचे पत्र वेळेवर मिळत नाही. नवा माणूस येतो आणि पुन्हा गुमास्त्याच्या पन्नास क्रेटांपासून सुरुवात करतो. ज्या आकड्यांवरून बंदीचे दिवस आणि माशांची किमान लांबी ठरते, तो आकडा लिहिणाऱ्या हाताला इतके तात्पुरते ठेवणे मला पटत नाही. विश्वस्तांपैकी काहीजण शासनदरबारी ऊठबस करणारे आहेत. त्यांनी हे कानावर घालावे, अशी माझी जाहीर विनंती आहे.

गेल्या जूनमध्ये, बंदीच्या दिवसांत, ती शाळेत येऊन गेली. आपला एक मोजपाट आणि कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा तिने प्रयोगशाळेला दिला. आपल्या शहरात समुद्र नाही, तेव्हा नववीची मुले त्याच पद्धतीने फाटकासमोरून जाणाऱ्या रिक्षा मोजतात. दिवस चिठ्ठीने ठरतो, पाचवी रिक्षा थांबवून आत किती मुले कोंबली आहेत ते लिहायचे. पहिल्याच आठवड्यात एका गटाचे सगळे आकडे सम निघाले, चार, सहा, चार, सहा. ते कॅन्टीनमध्ये बसून लिहिलेले होते. तिने त्यांना रागावले नाही. तिने ती पाने वेगळी ठेवली आणि त्याच गटाला पुन्हा फाटकावर उभे केले. आज निघताना फाटकापाशी वही घेतलेली मुले दिसली, तर रिक्षात किती मुले आहेत ते त्यांना कृपया सांगू नका. पाचवी रिक्षा तुमची असेल तर थोडा वेळ थांबा, त्यांना मोजू द्या.