आयसीयूच्या दाराबाहेर



कुठल्याही मोठ्या इस्पितळात रात्री आयसीयूच्या बाहेर जाऊन पाहा. कुणी चटईवर आडवं झालेलं, कुणी खुर्चीत अवघडून बसलेलं. ‘अमुक पेशंटचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की अख्खं बाकडं दचकतं. बऱ्याचदा निघते ती औषधांची चिठ्ठी.

या माणसांना नेमकं काय हवं असतं? नॅन्सी मोल्टर या अमेरिकन परिचारिकेनं १९७९ साली ४० नातेवाइकांना तेच विचारलं. सगळ्यांत वर आली ती आशा. प्रश्नांना खरी उत्तरं मिळावीत, ही अपेक्षाही वरच होती. राहण्या-खाण्याची सोय लागतेच. परळला नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते, हे फार मोलाचं काम आहे. पण डोक्यावर छप्पर आलं तरी मनातली धास्ती कुणाला सांगायची?

फ्रान्समधल्या २२ अतिदक्षता विभागांत एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण वाचणार नाही हे उघड होतं, अशा १२६ जणांच्या घरच्यांचा. निम्म्यांना नेहमीसारखी भेट. उरलेल्यांना एक माहितीपुस्तिका आणि डॉक्टरांशी ठरवून, निवांत बोलणं. ही भेट ३० मिनिटांची, नेहमीची २० मिनिटांची. फरक कुठे पडला पाहा: नेहमीच्या भेटीत घरचे जेमतेम ५ मिनिटं बोलले, या भेटीत १४. तीन महिन्यांनी नेहमीच्या गटातल्या ६९ टक्के लोकांत मानसिक आघाताची लक्षणं दिसली, दुसऱ्या गटात ४५ टक्के. म्हणजे दुःख टळलं नाही, पण त्याचा घाव बराच कमी खोल गेला.

आपल्या डॉक्टरांना वेळ नसतो, हे मान्य. पण जास्तीची लागली ती दहाच मिनिटं! त्यातली काही घरच्यांनाही वाचवता येतील. डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस नेमा, प्रश्न कागदावर लिहून न्या. मामा, काका, जावई यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारू नये.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, ‘आमच्या शेजाऱ्याचंही असंच झालं होतं’ ही गोष्ट तिथे नको. डबा न्या, एक रात्र तुम्ही बसा, त्यांना घरी झोपायला पाठवा.

इस्पितळांना विनंती एवढीच: रोज एक वेळ ठरवा, नातेवाइकांना आत बोलवा, बसायला खुर्ची द्या आणि आधी त्यांना बोलू द्या.