टिळकांच्या घरातली मुले



मिशन हा शब्द नंदुरबारकरांस नवा नाही. नवापूर, चिंचपाडा या बाजूस स्कँडिनेव्हियन व अमेरिकन मिशनऱ्यांनी ठाणी घातली, आणि चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना तर सर्वांच्या ओळखीचा आहे. या मंडळींविषयी बरेवाईट पुष्कळ बोलले जाते. पण ते बोलणे साहेबांविषयी. साहेबाबरोबर साता समुद्रांपलीकडून आलेली त्याची बायको दिवसभर काय करीत होती, हे कोणी पुसत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या घरातल्या बाजूविषयी, आणि त्यासाठी साक्षीदार मात्र अस्सल मराठी घेतला आहे. तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. चारपाच वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, तरी सोवळेओवळे बरोबर घेऊनच आल्या. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू आणि स्वयंपाक निराळा, असा तो संसार. मग हळूहळू, स्वतःच्या विचाराने, त्यांच्या मनातून जातीचा विटाळ गेला आणि १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. 'पतीच्या कार्यास वाहून घेतले' असे वाक्य आपण चरित्रांत सर्रास वाचतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते वाक्य लटके आहे. त्यांनी आधी नकार दिला होता, म्हणून त्यांच्या होकाराला किंमत आहे, असे आम्हांस वाटते.

आणि तो होकार आला कधी? छप्पन्नच्या दुष्काळात. संवत १९५६, म्हणजे इसवी १८९९–१९००. आपल्या खानदेशात आणि पलीकडे गुजराथेत जुनी माणसे त्याला छप्पन्याच म्हणत. आईबाप मेलेली, टाकून दिलेली पोरे रस्तोरस्ती हिंडत होती. केडगावास पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात शेकडो मुलीबायका आणल्या; नगर जिल्ह्यात टिळकांनीही निराधार मुले घरी आणली. आणली टिळकांनी, पण अंगावर खरूज, पोटात भूक आणि जिवात भीती घेऊन आलेल्या पोरांना न्हाऊमाखू घालणे, बेताने जेवू घालणे, रात्री उठून पाहणे हे काम कवितेने होत नाही. उपाशी मुलाला एकदम पोटभर घातले तर ते दगावते, हे ज्या बाईच्या हाती पळी असते तिलाच सांभाळावे लागते.

शिवाय टिळकांचा हात उदार. उदारपणा पुरुषाने करावा आणि उद्याच्या पिठाची काळजी बायकोने वाहावी, ही आपल्याकडची जुनीच वाटणी! मागणारा दाराशी आला की टिळकांस घरात काय आहे याचे भान राहत नसे. 'स्मृतिचित्रे' वाचताना या प्रसंगांना आपण पोट धरून हसतो, कारण लिहिणारी स्वतः हसते आहे. हसत असताना ती भांडतेही आहे, हे मात्र वाचणाऱ्याने विसरू नये. तारा नावाची मुलगी तिने पोटच्या दत्तूबरोबर वाढविली. ते प्रेम हिशेबात कोणी धरले नाही, आणि पगारात तर नाहीच.

दुष्काळातल्या पोरांना अन्न देऊन धर्म दिला, असा आक्षेप आहे. तो आम्ही उडवून लावणार नाही. भुकेल्या लेकराला निवड करता येत नाही. म्हणून त्याला घास देणाऱ्याने घासापलीकडे काही मागू नये, मग तो मिशनरी असो की आश्रमशाळेचा चालक. पण ज्यांनी आक्षेप घेतला त्यांच्यापैकी कितीजणांच्या ओसरीवर ती पोरे निजली, हेही पुसले पाहिजे.

टिळकांच्या घरात राहिलेला आपल्या खानदेशचा एक मुलगा तर सर्वांस ठाऊक आहे. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याने कविता म्हटली, तो 'बालकवि' झाला आणि पुढे नगरास टिळकांकडे राहिला. त्याला कोणी ख्रिस्ती केले नाही. रुसव्याफुगव्याचा, हळव्या मनाचा तो पोरगा. त्याचे रुसवे काढले लक्ष्मीबाईंनी. कवीचा गुरू म्हणून टिळकांचे नाव पाठ्यपुस्तकात येते. त्याला वेळेवर जेवायला कोणी बोलावले, ते पुस्तकात येत नाही. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली तो गेला, तेव्हा त्याला अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. संन्यास घेणाऱ्याला संसार सोडता येतो. संसार मात्र कोणाच्या तरी गळ्यात राहतोच. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. आरंभाचे थोडे तेवढे टिळकांचे.