मार्सेलिसच्या उडीनंतर

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि "वकिलीतलं काहीतरी सांग, पण जेवणानंतर झोप येईल असं नको," अशी अटही घातली आहे. म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करते. आपल्या वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी कोणी ना कोणी सावरकरांची मार्सेलिसची उडी सांगायचंच. उडी झाली की टाळ्या पडायच्या आणि भाषण संपायचं. त्या उडीनंतर काय झालं, ते मला कायदा शिकायला लागल्यावर कळलं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

१३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक झाली. 'मोरिया' बोटीतून त्यांना हिंदुस्थानात आणलं जात होतं. ८ जुलैला मार्सेलिस बंदरात त्यांनी उडी मारली आणि ते किनाऱ्याला लागले. ती फ्रान्सची भूमी होती. तिथे इंग्रज पोलिसांना अटकेचा अधिकार नव्हता. पण बंदरावरच्या एका फ्रेंच पोलिसानं त्यांना धरलं आणि बोटीवर परत नेऊन दिलं. हे सगळं काही मिनिटांत घडलं. आपण कोणाला धरलं आहे, हे त्या पोलिसाला बहुधा ठाऊकही नसावं.

फ्रान्समध्ये गदारोळ झाला. तिथल्या समाजवाद्यांनी सरकारला धारेवर धरलं. शेवटी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे न्यायचं ठरवलं. इकडे मुंबईत मात्र खटला थांबला नाही. 'मला बेकायदा आणलं आहे' हा आक्षेप आपल्या न्यायालयानं फेटाळला. आरोपी कसा आणला, याच्याशी खटल्याचा संबंध नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. २४ डिसेंबर १९१० ला पहिली जन्मठेप झाली आणि ३० जानेवारी १९११ ला दुसरी. हेगचा निकाल आला २४ फेब्रुवारीला. पाच लवादांनी सांगितलं की सोपवण्यात अनियमितता झाली हे खरं, पण म्हणून ब्रिटननं त्यांना परत फ्रान्सच्या हवाली करावं असं बंधन नाही. जुलैमध्ये ते अंदमानात पोचले.

वकिलांच्या जगात या विचाराला एक जुनं लॅटिन वचन आहे: माले काप्तुस, बेने देतेंतुस. म्हणजे धरलं वाईट रीतीनं, तरी डांबलं ते रीतसर. सावरकरांच्या राजकारणाबद्दल या सभागृहात दहा जणांची दहा मतं असतील, आणि ती असू द्यावीत. माझा मुद्दा त्या बंदरावरच्या काही मिनिटांपुरता आहे. कारण तीच मिनिटं आजही माणसांच्या वाट्याला येतात.

रवांडाचे पॉल रुसेसाबागिना अनेकांना 'हॉटेल रवांडा' या सिनेमामुळे माहीत असतील. १९९४ च्या नरसंहारात किगालीतल्या हॉटेलमध्ये आसरा घेतलेल्या हजाराहून अधिक लोकांची ती गोष्ट. पुढे ते देश सोडून बेल्जियमचे नागरिक झाले, अमेरिकेत राहू लागले आणि रवांडाच्या सरकारचे कडवे टीकाकार बनले. ऑगस्ट २०२० मध्ये ते दुबईहून एका खासगी विमानात बसले. आपण बुरुंडीला चाललो आहोत अशी त्यांची समजूत होती. विमान उतरलं किगालीत. तीन दिवस कुटुंबाला त्यांचा पत्ता नव्हता. ३१ ऑगस्टला ते दिसले ते हातकड्या घालून पत्रकारांसमोर उभे केलेले. विमानाचे पैसे सरकारनं भरले होते, हे तेव्हाच्या न्यायमंत्र्यांनीच पुढे एका मुलाखतीत मान्य केलं. न्यायालयानं मात्र अपहरणाचा आक्षेप फेटाळला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दहशतवादाच्या आरोपाखाली पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. एकशे दहा वर्षं उलटली, खंड बदलला, पण युक्तिवाद तोच.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल, "अगं, पण त्याच्या संघटनेशी जोडलेल्या गटाच्या हल्ल्यात माणसं मेली होती ना? आणि आपल्याकडचे कोट्यवधी रुपये बुडवून पळालेले? त्यांनाही आणायचं नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्या हल्ल्यांत गेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळायलाच हवा. पण त्यासाठी प्रत्यार्पणाचा रस्ता आहे. कागदपत्रं पाठवायची, दुसऱ्या देशातल्या न्यायाधीशानं ती उघडपणे तपासायची, आरोपीनं आपलं म्हणणं मांडायचं. आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यातही राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कोणाला सोपवू नये असं कलम आहे. हा रस्ता लांबचा आहे, कबूल. पण चोर कोण आणि सरकारला नकोसा झालेला माणूस कोण, हे निवडायची दुसरी चाळणी आपल्याजवळ नाही.

रुसेसाबागिना मार्च २०२३ मध्ये सुटले. पण ते न्यायालयानं सोडलं म्हणून नव्हे. बाहेरच्या देशांचा रेटा, मुलींनी जगभर लावून धरलेली मागणी आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांनी दिलेली शिक्षेतली सूट, असा तो प्रवास. एकदा विमान उतरलं की माणूस हक्कानं सुटत नाही. सुटलाच तर मर्जीनं सुटतो.

म्हणून जे काही करायचं ते विमान उडण्याआधी. हकीम अल अराइबी या तरुण फुटबॉलपटूचं उदाहरण सांगते. तो बहरीनमधून पळून गेला आणि ऑस्ट्रेलियानं त्याला निर्वासित म्हणून आसरा दिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो बायकोबरोबर मधुचंद्राला बँकॉकला गेला आणि विमानतळावरच पकडला गेला. बहरीनच्या मागणीवरून इंटरपोलची नोटीस निघाली होती. निर्वासिताविरुद्ध त्यानं सोडलेल्या देशाच्या सांगण्यावरून अशी नोटीस काढू नये, हे इंटरपोलचंच धोरण. नोटीस काही दिवसांत मागे घेतली गेली, तरी हा तुरुंगातच. त्याला न्यायालयात आणलं ते पायांत बेड्या घालून. ते चित्र जगभर गेलं. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार क्रेग फॉस्टर यांनी खेळाडूंना एकत्र केलं, फुटबॉल महासंघांची दारं ठोठावली. ११ फेब्रुवारी २०१९ ला खटला मागे घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी हकीम मेलबर्नला पोचला.

त्याच थायलंडमधून जुलै २०१५ मध्ये शंभराहून अधिक उइगुरांना चीनमध्ये धाडलं गेलं. विमानात डोक्यावर काळे बुरखे चढवून बसवलेल्या त्या माणसांची छायाचित्रं आजही पाहवत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी चाळीस जणांना पाठवलं. ते तिथल्या कोठडीत अकरा वर्षं होते. त्यांच्यासाठी कोणी कर्णधार उभा राहिला नव्हता.

जिथे छळाची भीती आहे तिथे माणसाला परत धाडू नये, हे तत्त्व १९५१ च्या निर्वासित कराराच्या ३३ व्या कलमात आहे. थायलंडनं त्यावर सही केलेली नाही. आपणही केलेली नाही. पण आपल्या राज्यघटनेचं २१ वं कलम जीविताचं संरक्षण देताना 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं त्याच आधारावर राज्य सरकारला त्यांचं रक्षण करायला सांगितलं. हे कलम कागदावर ठेवायचं की वापरायचं, हे शेवटी माणसांवर असतं. आपल्या बॅचमध्ये विमानतळावर काम केलेले आहेत, पोलीस खात्यात आहेत, वर्तमानपत्रात आहेत. कधी असा माणूस समोर आला, तर त्याला सोपवण्याआधी एवढंच विचारा: याचं म्हणणं कोणी ऐकलं आहे का?

आज आपल्यातले काही जण न्यू जर्सीहून, काही दुबईहून आले आहेत. परतायचं म्हटलं की आपल्याला आधी तिकिटाचा भाव आठवतो आणि मग आईच्या हातचं जेवण. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यात तेराव्या कलमात आपल्या देशात परतण्याचा हक्क आहे आणि त्याला लागूनच, चौदाव्यात, छळापासून दुसऱ्या देशात आसरा मागण्याचा. पहिला हक्क आपण सगळ्यांनी सुखानं भोगला. दुसऱ्याची गरज आपल्यापैकी कोणाला पडली नाही. ज्याला पडते, त्याच्यासाठी दोन शब्द बोलणं एवढं तरी आपल्या हातात आहे.