खारीक, बेदाणे आणि दातांचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत दातांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही दंतवैद्य नव्हे. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्याची दाढ दुखू लागली म्हणजे काय होते, ते आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. दवाखान्यात जावे तर खाडा पडतो. म्हणून तो दाढेत लवंग धरतो आणि कामावर जातो. जी कीड वेळीच बुजवून घेतली असती तर भागले असते, तिच्यापायी अखेर दाढच उपटावी लागते. म्हणून दात राखणे हा आम्ही पोटापाण्याचाच प्रश्न मानतो.

हल्ली पुष्कळ घरांतून मुलांना गोळ्या-चॉकलेटांऐवजी बेदाणे, खजूर, सुके अंजीर दिले जातात. हेतू चांगला आहे. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारीक घालणारी आपली माणसे सुक्या फळाला पौष्टिक मानत आली, तेही चुकीचे नाही. प्रश्न एवढाच की, पोटाला जे मानवते ते दातांना मानवते काय?

प्रथम साखरेचा हिशेब पाहू. सांगली-तासगावकडे एक किलो बेदाण्याला सुमारे चार किलो द्राक्षे लागतात. उडाले ते पाणी. साखर जागच्या जागी राहिली. शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांत साखर सुमारे १६ ग्रॅम, तर तितक्याच बेदाण्यांत ६० च्या आसपास. आपल्या रावेर-यावलच्या केळ्यातही तीन हिस्से पाणीच असते. ते सुकवले की हाच हिशेब लागू.

आता कीड कशी लागते ते पाहा. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरचे कठीण कवच झिजते. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवविते. त्याला अर्धा-पाऊण तास, कधी अधिकही लागतो. म्हणजे साखर किती खाल्ली याइतकेच ती कितीदा खाल्ली हेही महत्त्वाचे. मूठभर बेदाणे जेवणाबरोबर संपविले तर दातांवर एकच हल्ला झाला. तेच बेदाणे खिशात ठेवून दुपारभर एकेक चघळले, तर लाळेला उसंतच मिळत नाही.

हे ज्ञान माणसांना स्वस्तात मिळालेले नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील संस्थेत १९४५ नंतर मतिमंद रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले; निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणातल्या साखरेने कीड थोडीच वाढली. दोन जेवणांमध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र किडून गेले. ज्यांना 'नाही' म्हणता येत नव्हते, त्यांच्या दातांवर जगाने हा धडा घेतला. त्याचा विसर पडू देणे आम्हाला कृतघ्नपणाचे वाटते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे दिसले की, हाताला चिकट लागणारा पदार्थ दातांत अधिक काळ राहतोच असे नाही; बेदाण्यांपेक्षा बिस्किटांचा आणि बटाट्याच्या वेफरचा पिठूळ चोथाच दातांत अधिक अडकून राहिला. तेव्हा बेदाणे काढून घेऊन पोराच्या हाती बिस्किटाचा पुडा देणारा काही कमावत नाही. २००५ साली शिकागोच्या संशोधकांनी सांगितले की, बेदाण्यातली काही द्रव्ये दातांच्या जंतूंची वाढ रोखतात. त्या संशोधनाला पैसा कॅलिफोर्नियाच्या बेदाणा-विक्री मंडळाने दिला होता. खर्च कोणी केला, हे विचारण्याची खोड आम्हाला युनियनने लावली. मालकाचा पैसा लागला एवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही; परंतु प्रयोगशाळेतले जंतू निराळे आणि पोराचे तोंड निराळे.

तेव्हा आमचे म्हणणे असे: सुके फळ शत्रू नव्हे, पण औषधही नव्हे. ते जेवणाबरोबर खावे, वर पाण्याने खळखळून चूळ भरावी. रात्री दात घासल्यावर काही तोंडात टाकू नये. साखरेत घोळवलेला आवळा किंवा साखर घातलेली आंबापोळी यांना फळ न समजता मिठाई समजावे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासावेत. आणि मशेरीने दात स्वच्छ होतात हा भ्रम आयाबहिणींनी सोडावा. ती तंबाखू आहे, तिने कर्करोग होतो.

परंतु सारा भार आईच्या माथी टाकून आपण मोकळे होऊ नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी ठरविली आहे, आणि तीत दातही येतात. आपल्या शाळेत ती झाली काय, हे पालकांनी जाऊन विचारावे. आणि दाढ दाखवायला गेलेल्या कामगाराचा अर्धा दिवस कापू नये, एवढे इथे बसलेल्या मालक मंडळींनी मनावर घ्यावे. कीड लहान असतानाच माणूस दवाखान्यात पोचला, तर पुष्कळ दाढा वाचतील.