नाव पटावर, मन कुठे?



वसतिगृहाचे छप्पर, पुस्तके, दोन वेळचे जेवण यांसाठी आपण सढळ हाताने देता. त्याबद्दल मनापासून आभार. आज मात्र पैशाने विकत न मिळणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. पाड्यावरच्या मुलाचे नाव पटावर चढले, म्हणजे त्याला शाळा आपली वाटू लागली असे नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली काम कोसबाडला गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. शिकवण्याची साधने म्हणजे आसपासची पाने, बिया, खडे. ज्या वस्तूंची मुलाला घरापासून ओळख, त्यांवरूनच धडा सुरू होई.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ओळख. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते. गुरुजींनी त्याच्या बोलीतले चार शब्द शिकले, एकदा त्याच्या घरी जाऊन चहा घेतला, तर भीती निम्मी होते. दुसरी, सोबतीने काम. भाजीचा वाफा, पंगतीची वाढप, लहानांना गोष्ट वाचून दाखवणे, यांत प्रत्येकाचा वाटा असावा. ज्याच्यावाचून काम अडते, तो पाहुणा राहत नाही. एका शरीराचे अनेक अवयव, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

भातकापणी आटोपली की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात. काही महिन्यांनी मूल परतते, तेव्हा "आलास? तुझी वाट पाहत होतो," असे म्हणणारे कोणी नसेल, तर त्याची शाळा तिथेच सुटते. पुढे बोईसरच्या कारखान्यात लागलेल्या तरुणाचेही तेच. जेवणाच्या सुट्टीत तो रोज एकटाच डबा उघडत असेल, तर पगार मिळूनही त्याचे मन तिथे रमत नाही.

म्हणून एक विनंती. वर्षातून एकदा तरी वसतिगृहात या. भाषण करू नका. मुलांच्या पंगतीत बसा. निदान एका मुलाचे नाव, पाडा आणि आवडता खेळ लक्षात ठेवा. पुढच्या वेळी त्याला नावाने हाक मारा. आणि तो दिसला नाही, तर आम्हाला विचारा, "तो कुठे आहे?"