पानांत सांठलेलें ऊन
(धर्मग्रामाच्या महोत्सवांत विद्यार्थ्यांपुढें केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे गेलेल्या वर्षांचें स्मरण करावें, पूर्वजांचे उपकार आठवावे, हा शिष्टाचार आहे. आणि तो आमच्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें पाळिला आहे. आमच्याकडे मात्र निराळेंच काम आलें. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलामुलींनीं झाडें, हवा आणि वीज ह्यांविषयींचे आपले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून दिले, व त्यांचीं उत्तरें आज सर्वांसमक्ष द्यावीं असा आग्रह धरिला. चिठ्ठ्या पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकीं सात चिठ्ठ्या एकाच सुतांत ओवितां येतात असें दिसून आल्यावरून आम्ही तेवढ्याच निवडिल्या आहेत.

पहिली चिठ्ठी अशी : “एवढ्याशा बीजापासून एवढा मोठा साग होतो, तर त्याचें लांकूड कोठून येतें? मातींतून काय?”

पुष्कळ थोर माणसेंही ह्याचें उत्तर “मातींतून” असेंच देतील. सतराव्या शतकांत ब्रुसेल्स नगरांतील फान हेलमोंट नांवाच्या वैद्यानें ही गोष्ट तोलून पाहिली. त्यानें कुंडींत २०० पौंड कोरडी माती भरिली, तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें, आणि पांच वर्षें त्यास पाण्याखेरीज कांहीं घातलें नाहीं. पांच वर्षांनीं झाड भरलें १६९ पौंड. आणि माती घटली अवघी दोन औंस! त्यानें अनुमान केलें कीं, लांकूड पाण्याचें होतें. तें अर्धेंच खरें होतें. उरलेलें अर्धें पुढल्या शतकांत उलगडलें. १७७९ सालीं इंगेनहूस नांवाच्या डच वैद्यानें दाखविलें कीं, झाडाचा हिरवा भाग उन्हांत असतांनाच प्राणवायु सोडितो, अंधारांत सोडीत नाहीं. आज आपणांस ठाऊक आहे कीं, पान हवेंतला कर्बवायु घेतें, मुळांनीं आणिलेलें पाणी घेतें, आणि उन्हाच्या बळावर त्यांचें अन्न करितें. वाळलेल्या लांकडाच्या वजनापैकीं सुमारें निम्मा भाग कर्ब असतो, आणि तो सगळा हवेंतून आलेला असतो. म्हणून चूल पेटविली म्हणजे जी ऊब निघते, ती पानांनीं सांठवून ठेविलेल्या उन्हाची होय. हें एवढें वाक्य ध्यानांत ठेवा. पुढील सर्व उत्तरें त्यांतूनच निघतात.

दुसरी चिठ्ठी : “सावलीची गरज उन्हाळ्यांत, आणि साग नेमका त्याच वेळीं पानें कां टाकितो?”

बाळांनो, साग आपली सोय पाहतो, आपली नव्हे! पानास बारीक छिद्रें असतात. त्यांतून कर्बवायु आंत येतो, पण पाणीही बाहेर निसटतें. सागाचें पान तर पत्रावळीएवढें. जमिनींत ओल नाहीं, आणि वर ४५ अंशांचें ऊन; अशा वेळीं तेवढीं पानें बाळगणें म्हणजे गिऱ्हाईक नसतां दुकान उघडें ठेवून तेल जाळीत बसणें होय. म्हणून तो दुकान आवरतो. मोहाकडे पाहा. मार्चएप्रिलांत तो जवळजवळ निष्पर्ण असतो, तरी पहाटे त्याच्याखालीं फुलांचा सडा पडतो. हीं फुलें कशाच्या जोरावर? मागल्या पावसाळ्यांत पानांनीं मिळवून बुंध्यांत ठेविलेल्या पुंजीवर. झाडेंही मिळकत पाहून खर्च करितात.

तिसरी चिठ्ठी : “बांबू हें झाड कीं गवत?”

वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हें गवतच. भात आणि ज्वारी ह्यांच्या कुळांतलें. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें त्याची गणना झाडांत केली, आणि त्या एका शब्दापायीं बुरडांस व वनवासी लोकांस फार सोसावें लागलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू हें गौण वनोपज ठरविलें. आणि वनाबाहेरच्या बांबूपुरतें तें झाडपण २०१७ सालीं काढून टाकण्यांत आलें. आपल्या गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) नांवाचें लहानसें गोंडी गांव आहे. त्यास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं तेथील ग्रामसभेस आपल्याच परवान्यानें बांबू विकण्याचा अधिकार प्राप्त झाला.

आतां बांबूची रीत पाहा. बेटांतील जुने वांसे तोडावे, कोंवळे राखावे. म्हणजे दर पावसाळ्यांत नवे कोंब येतात आणि बेट कायम राहतें. सगळें बेट एकदम कापलें तर मात्र तें खचतें. पुस्तकांत ज्यास ‘पुनर्नवीकरणक्षम’ असें जड नांव आहे, त्याचा अर्थ इतकाच : व्याज खावें, मुद्दलास हात लावूं नये. हें ज्ञान आपल्या बुरडांस आणि गोंड बांधवांस शाळेवांचून होतें.

चौथी चिठ्ठी : “दगडी कोळसा हा दगड आहे काय?”

नाहीं, तें एक जुनें रान आहे. सुमारें २५ ते ३० कोटि वर्षांपूर्वीं ह्या वर्धेच्या खोऱ्यांत दलदलीचीं अरण्यें होतीं. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नांवाचीं, जिभेच्या आकाराच्या पानांचीं झाडें मुख्य होतीं. तीं पडलीं, चिखलांत दबलीं, वर गाळाचे थर चढले, आणि दाबानें व उष्णतेनें त्यांचा कोळसा झाला. हींच पानें दगडांत उमटलेलीं आफ्रिकेंत, ऑस्ट्रेलियांत आणि दक्षिण अमेरिकेंतही सांपडतात. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवाहून परततांना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती थंडीनें व भुकेनें मेले; त्यांच्या घसरगाडीवर सुमारें १६ किलो दगड जपून ठेविलेले आढळले, आणि त्यांत ह्याच पानांचे ठसे होते. हे सारे प्रदेश एके काळीं एकाच भूखंडाचे भाग होते; आणि शास्त्रज्ञांनीं त्या भूखंडास नांव दिलें तें गोंडवन, म्हणजे आपल्या गोंड लोकांच्या देशाचें! जगांतील भूगोलाच्या पुस्तकांत तुमच्या शेजाऱ्यांचें नांव आहे, हें वर्गांत ताठ मानेनें सांगा.

म्हणजे कोळसा हेंही पानांत सांठलेलें ऊनच. भेद इतकाच कीं, मोहाची पुंजी एका पावसाळ्याची, सागाची शंभर वर्षांची, आणि कोळशाची कोट्यवधि वर्षांची. तें मुद्दल आहे. एकदां जाळलें म्हणजे आपल्या नातवांच्या नातवांसही परत मिळावयाचें नाहीं.

पांचवी चिठ्ठी एका चतुर मुलीची : “आपण पुष्कळ झाडें लाविलीं, तर कोळसा जाळावयास हरकत काय?”

हिशेब करूं. कोळशापासून एक युनिट वीज काढितांना सुमारें एक किलो कर्बवायु हवेंत जातो. एका घरास महिन्यास १०० युनिटें लागलीं असें धरा. म्हणजे १०० किलो कर्बवायु झाला. त्यांत शुद्ध कर्ब सुमारें २७ किलो. लांकडांत निम्मा कर्ब, ह्या हिशेबानें तो परत बांधून ठेवावयास ५४ किलो वाळलेलें लांकूड नव्यानें वाढलें पाहिजे. तेंही दर महिन्यास, एका घरासाठीं, आणि पुढें तें कुजतां वा जळतां कामा नये. येथें जवळच दुर्गापूरचें महाऔष्णिक वीजकेंद्र १९८३ पासून चालू आहे आणि त्याची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. त्याचा भार कोणतें रान उचलील? झाडें अवश्य लावा; सावलीसाठीं, पाखरांसाठीं, पाण्यासाठीं लावा. परंतु वृक्षारोपण हें कोळशाच्या हिशेबाची पावती होऊं शकत नाहीं.

सहावी चिठ्ठी : “चंद्रपुरास एवढें ऊन पडतें, तर सोलर पॅनेलला सर्वांत अधिक वीज आपल्याकडेच मिळेल ना?”

येथें एक बारकावा आहे. पॅनेलास हवा असतो उजेड, उष्णता नव्हे. त्याची क्षमता २५ अंशांस मोजितात. त्यावर दर अंशामागें ती सुमारें ०.४ टक्का घटते. मे महिन्यांत पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलें तर शंभरांतील सोळा भाग गेले. म्हणून पॅनेल छपरास चिकटवूं नये; खालून वारा खेळूं द्यावा, आणि वरची धूळ पुसावी. धुळीची गोष्ट चंद्रपुरास सांगावयास नको : २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तींत आपला क्रमांक चौथा होता. ढगाळ दिवशीं वीज कमी मिळते, रात्रीं मुळींच मिळत नाहीं. त्यासाठीं बॅटरी किंवा दुसरी सोय लागते. तथापि पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडाचा रस्ता तुटतो. अशा मुलुखांत तार तुटली तरी छपरावरचें ऊन तुटत नाहीं, हा लाभ थोडा नव्हे. २००८ सालीं व्हॅटिकनमधील पोपसाहेबांच्या मोठ्या सभागृहाच्या छपरावरही सुमारें २,४०० पॅनेलें बसविण्यांत आलीं. २०२५ सालीं आपल्या देशांतील वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकीं निम्मी कोळसा, वायु व तेल ह्यांवांचूनची झाली. परंतु क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष निघालेली वीज निराळी. ती अजून दोन-तृतीयांशाहून अधिक कोळशाचीच आहे.

आतां शेवटची चिठ्ठी. तिजवर नांव नाहीं. “माझे बाबा खाणींत काम करितात. कोळसा वाईट असेल, तर बाबांचें काम पाप आहे काय?”

बाळा, तूं जो कोणी असशील, नीट ऐक. तुझ्या बाबांचें काम पाप नाहीं. ह्या देशांतील दवाखान्यांत रात्रीं दिवा जळतो, आगगाडी धांवते, तुझ्या पुस्तकावर उजेड पडतो, तो अशाच हातांच्या घामानें. ज्यांनीं विजेचा उपभोग घेतला त्यांनीं खाणीकडे बोट दाखवावें आणि आपले हात स्वच्छ समजावे, हा न्याय नव्हे. २०१५ सालीं दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत कोळसा व तेल ह्यांची जागा विलंब न करितां दुसऱ्या साधनांनीं घ्यावी असें सांगितलें. आणि त्याच परिपत्रकांत धरणीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा असेंही बजाविलें. हीं दोन्ही वाक्यें आपणांस बांधील आहेत. एक घेऊन दुसरें सोडितां येणार नाहीं.

म्हणून वडील मंडळींस आमची विनंती आहे. खाण आज ना उद्यां संपते. वरोऱ्याची जुनी खाण एकोणिसाव्या शतकांत चालू झाली आणि विसाव्याच्या आरंभीं बंद पडली. हें ह्याच जिल्ह्यानें पाहिलें आहे. तो दिवस घुग्घुस-बल्लारपुरास येईल तेव्हां आपलीं मुलें रिकाम्या हातांनीं उभीं राहूं नयेत. त्यांस वीजतंत्र्याचें काम शिकूं द्या, पॅनेल बसविणें व दुरुस्त करणें शिकूं द्या, वनशास्त्र शिकूं द्या. आणि ज्या कामगारानें चाळीस वर्षें देशास उजेड दिला, त्यास काम सुटतांना अंधारांत ढकलूं नये, असें मोठ्यानें म्हणण्यास आपण लाजूं नये.

आणि मुलांनो, तुम्हांस एक काम देतों. एक वही करा. तींत दर महिन्यास घरच्या विजेचीं युनिटें लिहा. आणि दर वर्षीं मोहाचें पहिलें फूल कोणत्या तारखेस पडलें, सागाची पालवी केव्हां फुटली, पहिला पाऊस कधीं आला, हें लिहा. दहा वर्षांनीं ती वही कोणत्याही पुस्तकाहून मोलाची होईल. कारण ती आपल्याच रानाची असेल.

देवानें दिलेलें ऊन फुकट आहे. पण तें सांठवावयास पानास फार श्रम पडतात. हें जाणून खर्च करणारास आम्ही सुशिक्षित म्हणूं. देव तुम्हां सर्वांचें कल्याण करो.